ठिपक्याचं सर्वोत्तम हित

एका जंगलात, बाळांनो, फार म्हणजे फारच प्रगती झाली होती.

इतकी की वाघाला शिकारीआधी अर्ज करावा लागे, आणि हरणाला पळण्याआधी त्या अर्जाची प्रत मिळे. प्रत मिळायला उशीर झाला, तर तो हरणाचा दोष. हसू नका. ज्यांना हसायचंय त्यांनी आधी एखादा अर्ज करून बघावा, मग हसावं.

तर अशा त्या जंगलाच्या कडेला, नदीकाठी, एक टिटवा आणि एक टिटवी राहत होते. टिटव्याचं नाव दगडू, टिटवीचं सगुणा. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर आता माहीत करून घ्या. त्या उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करतात, मधे अंडी घालतात आणि देवावर भरवसा ठेवतात. दगडू-सगुणाला यंदा एकच पिल्लू जगलं. पाठीवर ठिपके ठिपके, म्हणून नाव ठिपक्या. जमिनीला चिकटून बसला की खडा कुठला आणि ठिपक्या कुठला, हे त्याच्या आईलाही कळत नसे.

आता, दगडू आणि सगुणाचं पटत नव्हतं. दगडूला नदीकाठचे गोटे आवडत, सगुणाला वरचं माळरान. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण काय, ते त्या दोघांनाही माहीत नव्हतं. सकाळी सुरू झालेलं भांडण संध्याकाळपर्यंत पुरायचं. शेवटी एक दिवस सगुणा म्हणाली, "अहो, आपण वेगळं राहू."

दगडू म्हणाला, "मी हेच म्हणणार होतो. पण तू बोलू देशील तर ना!"

आणि ते वेगळे झाले. तो गोट्यांवर, ती माळावर. मधे एक बाभळीचं झाड.

त्या दिवसापासून ती त्याला 'अहो' म्हणेनाशी झाली. 'ठिपक्याचे बाबा' म्हणू लागली. त्यानंही 'सगुणे' सोडलं आणि 'ठिपक्याची आई' धरलं. ठिपक्याला या सगळ्याचं काही नव्हतं. काडीसारख्या पायांवर तुरुतुरु पळत तो कधी माळावर जाई, कधी गोट्यांवर. माळावर किडे चांगले मिळत, गोट्यांवर पाणी जवळ होतं.

एक गोष्ट मात्र त्या दोघांनी सोडली नव्हती. ते त्यांचं काम होतं, टिटव्यांच्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. शत्रू दिसला की आई कर्कश ओरडते. ती ओरड ऐकली की पिल्लू असेल तिथे जमिनीला चिकटतं आणि मेल्यासारखं पडून राहतं. आईची दुसरी, हळू हाक येईपर्यंत डोळासुद्धा हलवत नाही. आणि त्याच वेळी बाप दुसऱ्या बाजूला पंख मोडल्याचं सोंग करून फरफटत निघतो. शत्रूला वाटतं, आयती मेजवानी! तो बापाच्या मागे लागतो. चांगला लांब गेला की बाप भुर्रकन उडून जातो. या कामाला दोघं लागतात. एकानं पिल्लाला बसवायचं, दुसऱ्यानं शत्रूला न्यायचं. एकट्याच्यानं ते होत नाही.

वेगळे झाल्यावरही घारीची सावली पडली की ही माळावरून ओरडे आणि तो गोट्यांवरून लंगडत निघे. काम झालं की एकमेकांकडे न बघता दोघं आपापल्या जागी जात.

सगळं इतकं नीट चाललं होतं. म्हणजे आता कुणीतरी सुधारणा करणार, हे तुमच्यातल्या हुशार मुलांच्या लक्षात आलंच असेल.

शेजारची साळुंकी एक दिवस सगुणाकडे आली. म्हणाली, "काय गं, तुमचं काही कागदावर आहे का?"

"कसलं कागदावर?"

"अगं बाई! म्हणजे नाही? उद्या त्यानं पिल्लू ठेवूनच घेतलं तर काय करशील?"

इतके दिवस हा विचार सगुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. आता तो जाईना. साळुंकी मोठी परोपकारी. ती तशीच उठून दगडूकडे गेली आणि त्यालाही तेच विचारलं. त्याच्याही डोक्यातून तो विचार जाईना.

दुसऱ्या दिवशी दोघं दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचले. उंबराखाली मोठी पाटी होती: 'विभक्त पालक मार्गदर्शन व पिल्लू-हित केंद्र'. दारात एक ससा बसला होता. त्यानं प्रत्येकाच्या चोचीत एक माहितीपत्रक दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'वेगळे झालात? घाबरू नका.' आणि खाली कशाकशाला घाबरायचं त्याची बेचाळीस कलमांची यादी होती.

आत कोकिळाबाई बसल्या होत्या. त्या केंद्राच्या मुख्य मार्गदर्शक. आवाजात नुसता मध.

"या, बसा. आधी एक लक्षात घ्या. इथे आई महत्त्वाची नाही, बाबा महत्त्वाचे नाहीत. इथे पिल्लाचं सर्वोत्तम हित महत्त्वाचं." असं म्हणून त्यांनी एका कोऱ्या फाइलीवर ठळक अक्षरांत 'सर्वोत्तम हित' असं लिहिलं आणि फाइल उंच फांदीवर ठेवली.

सगुणानं भीत भीत विचारलं, "बाई, तुम्हाला मुलं किती?"

"अकरा."

"अगं बाई! अकरा जणांना सांभाळून हे एवढं काम करता?"

"सांभाळून?" कोकिळाबाई हसल्या. "सगळी अंड्यात असतानाच चांगल्या घरांत लावून दिली. कावळ्यांची घरं, खाऊनपिऊन सुखी. मी कधी भेटायलाही जात नाही. उगाच मुलांच्या मनावर परिणाम होतो. म्हणून तर मला या विषयाचा इतका शांतपणे विचार करता येतो."

दगडू आणि सगुणा दोघंही दबून गेले. आपण एका पिल्लात इतके गोंधळलो आणि ही बाई बघा, असं त्यांना वाटलं.

मग आराखडा तयार झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार आईचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार वडिलांचे. रविवार अर्धा-अर्धा, सूर्य बाभळीच्या शेंड्यावर आला की बदल. एकाच्या वारी दुसऱ्यानं बाभळीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, कारण त्यामुळे पिल्लाचा गोंधळ होतो. नंतर जबाबदाऱ्यांची वाटणी. कोकिळाबाईंनी विचारलं, "पिल्लासाठी तुम्ही कोण काय करता?"

सगुणा म्हणाली, "मी ओरडते."

दगडू म्हणाला, "मी लंगडतो."

बाईंनी लिहून घेतलं. ओरडणे : आईचे दिवस. लंगडणे : वडिलांचे दिवस.

दगडूनं मान वाकडी करून ते वाचलं. "बाई, एक अडचण आहे. हे दोन्ही एकाच वेळी लागतं हो. ती ओरडली नाही तर पिल्लू बसत नाही, आणि मी लंगडलो नाही तर शत्रू हलत नाही."

कोकिळाबाईंनी सहानुभूतीनं डोळे मिटले. "असं वाटतं सुरुवातीला. एकमेकांची सवय सुटायला वेळ लागतोच."

"पण बाई, मुंगूस आलं तर?" सगुणा म्हणाली.

"आणीबाणीसाठी वेगळी सोय आहे. नमुना 'ग' भरून द्यायचा, दुसऱ्या पालकाला तेवढ्यापुरती परवानगी मिळते. फक्त अर्ज सात दिवस आधी यायला हवा."

आता तुम्ही विचाराल, त्या दोघांनी हे कबूल कसं केलं? मूर्ख होते का? मूर्ख नव्हते. घाबरलेले होते. दगडूला वाटलं, मी नाही म्हटलं आणि ती हो म्हणाली तर ठिपक्या कायमचा तिच्याकडे जाईल. सगुणाला नेमकं हेच उलटं वाटलं. दोघांनी पटकन पाय शाईत बुडवले आणि कागदावर उमटवले. परतताना सगुणा रडत होती. दगडू रडत नव्हता, पण तो वाट चुकला. रोजची वाट.

आराखडा सुरू झाला. आता आराखडा म्हटला की तो पाळला जातो का हे बघायला कुणीतरी हवं. केंद्रानं निरीक्षक नेमला. नकुलराव मुंगूस. नेमणुकीच्या कागदावर कारण दिलं होतं: 'परिसरातील सर्व पिल्लांचे पत्ते तोंडपाठ.'

खरं सांगतो, हे कारण मीही दोनदा वाचलं.

बुधवार होता. आईचा दिवस. दगडू नियमाप्रमाणे बाभळीपलीकडे गोट्यांवर पाठ करून उभा होता. ठिपक्या माळावर एका गवताच्या काडीशी भांडत होता. तेवढ्यात गवत हललं आणि नकुलराव बाहेर आले. गळ्यात ओळखपत्र.

"नमस्कार वहिनी. पाहणी आहे. पिल्लू दाखवा."

सगुणा ओरडली. ओरडणं तिच्या वाट्याचं होतं, कलमात बसत होतं. ठिपक्या होता तिथे जमिनीला चिकटला. दिसेनासा झाला.

"असं करू नका," नकुलराव म्हणाले. "पाहणीत अडथळा आणल्याची नोंद होईल." आणि ते नाक जमिनीला लावून हळूहळू पुढे येऊ लागले. डोळ्यांना ठिपक्या दिसत नव्हता, पण नाकाला थोडंच फसवता येतं? दहा पावलं राहिली. आठ राहिली.

सगुणानं बाभळीकडे बघितलं. तिकडून कुणी येणार नव्हतं. येऊ नये यावर तिनंच पाय उमटवला होता. मग तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. पंख पाडला आणि लंगडायला लागली. पण हे काम तिचं नव्हतं. पंख एकदा डावा पडे, एकदा उजवा. नकुलरावांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

पाहिलं ते ठिपक्यानं. आई लंगडतेय! आईला लागलं! बसून राहा म्हणायला आता कुणी ओरडत नव्हतं, कारण ओरडणारी लंगडत होती. ठिपक्या उठला आणि 'आई, आई' करत सरळ तिच्याकडे पळत सुटला. नकुलरावांच्या नाकासमोरून.

सगुणाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो कुठल्याच कलमात नव्हता.

गोट्यांवर दगडूनं तो ऐकला. वार कुठला, बाभूळ कुठली, त्याला काही आठवलं नाही. तो सूं करून आला आणि नकुलरावांच्या पुढ्यात, अगदी मिशीला लागेल असा, आडवा पडला. उजवा पंख पसरून, तोंड वासून, विव्हळत. नकुलराव ठिपक्यावर झेप घेणार ते तिथेच वळले. दगडू फरफटत निघाला, नकुलराव मागे. सगुणा ओरडली, ठिपक्या चिकटला. नदीच्या वळणापाशी दगडू उडाला तेव्हा त्याच्या शेपटीची तीन पिसं नकुलरावांच्या तोंडात राहिली.

परत येऊन दगडू बाभळीखाली उभा राहिला. पुढे यावं की नाही, त्याला कळेना.

"लागलं का?" सगुणानं लांबूनच विचारलं.

"नाही."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. तो परत गोट्यांवर गेला.

नकुलरावांनी अहवाल दिला. 'पाहणीच्या वेळी दोन्ही पालक पिल्लापाशी एकाच वेळी आढळले. आराखड्याचा गंभीर भंग. पुरावा : पिसे तीन.'

सुनावणी लागली कूर्मरावांसमोर. कूर्मराव म्हणजे नदीतलं सगळ्यात थोरलं कासव. आयुष्यभरात त्यांच्या घरात हजारेक अंडी वाळूत पुरली गेली. त्यांपैकी एकाचंही पुढे काय झालं ते बघायला कूर्मराव कधी मागे वळले नव्हते. त्यांच्याइतका निःपक्षपाती न्यायाधीश जंगलात दुसरा नव्हता.

"बुधवारी वडील तिथे का आले?" कूर्मरावांनी विचारलं.

"पिल्लू खाणार होता हा!" दगडू म्हणाला.

"प्रश्नाचं उत्तर द्या. वार कोणता होता?"

"बुधवार."

"लिहून घ्या. वडिलांना वार मान्य."

सगुणा पुढे आली. "महाराज, मीच म्हणते ना, ते आले म्हणून ठिपक्या वाचला! माझी काही तक्रार नाही."

"बाई, तुमची तक्रार नाही ही गोष्ट फार चिंताजनक आहे," कोकिळाबाई म्हणाल्या. "इतक्या दिवसांच्या मार्गदर्शनानंतरही तुम्ही अजून त्यांच्यावर अवलंबून आहात."

कूर्मरावांनी मान थोडी आत घेतली. म्हणजे ते विचार करत होते. मग ती बाहेर आली. "दोन्ही पालक बेभरवशाचे आहेत. तेव्हा आता पिल्लालाच विचारू. त्याला काही सांगायचं नसेल, तर निकाल लागेपर्यंत ते तटस्थ ठिकाणी राहील. निरीक्षकांच्या बिळात."

नकुलराव नम्रपणे उभे राहिले आणि त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

ठिपक्याला मधे आणलं. तळहातावर मावेल एवढं पोर ते. समोर कासव, एका बाजूला मुंगूस, फांद्यांवर ही गर्दी. कोकिळाबाई खाली वाकल्या आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "घाबरू नको हं राजा. सांग, तुला कोण हवं? आई की बाबा?"

ठिपक्यानं आईकडे बघितलं. बाबाकडे बघितलं. मग तो जमिनीला चिकटला.

कुणीही ओरडलं नव्हतं. तरी चिकटला. इतक्या दिवसांत त्याला जेवढं शिकवलं होतं त्यावरून त्याला एवढं समजलं होतं, की हा जो प्रश्न आहे तो शत्रू आहे.

"बोल ना बाळ," कोकिळाबाई म्हणाल्या.

ठिपक्या हलला नाही. डोळासुद्धा नाही.

"उत्तर नाही. नोंद घ्या," कूर्मराव म्हणाले. "निरीक्षक, पिल्लू ताब्यात घ्या."

तेव्हा सगुणानं दगडूकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ डोळ्यांत बघितलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो."

दगडू भर कोर्टात धाडकन आडवा पडला.

काय पडला म्हणून सांगू! डावा पंख असा पसरला की मोडलाच वाटावा. चोच उघडी, डोळे पांढरे. आणि विव्हळत, फरफटत तो कूर्मरावांच्या समोरून दाराकडे निघाला. एकच गोंधळ उडाला. "पक्षकार जखमी! पक्षकार जखमी!" करत ससा धावला. कोकिळाबाई "याच्यासाठी वेगळा नमुना आहे, थांबा, थांबा!" म्हणत उडाल्या. फांद्यांवरची गर्दी मजा बघायला मागोमाग गेली. आणि सगळ्यांच्या पुढे नकुलराव. मागच्याच आठवड्यात फसले होते, तरी पुन्हा? हो, पुन्हा. समोर पंख मोडलेला पक्षी असताना ज्याला अहवाल आठवेल, असं मुंगूस अजून जन्माला यायचंय. कूर्मरावही निघाले, पण ते दारापर्यंत पोचेतो दगडू भुर्रकन उडून गेला होता.

रिकाम्या कोर्टात सगुणानं हळू हाक दिली. ठिपक्या उठला, आणि आईच्या पायात पाय घालत मागच्या वाटेनं गेला.

मग ते पुन्हा एकत्र राहायला लागले का? मला माहीत होतं तुम्ही हे विचारणार. नाही लागले. कसे लागतील? दगडूला माळरान आवडत नाही ते नाहीच, आणि गोट्यांवर सगुणाचे पाय दुखतात ते दुखतातच. ती दोघं नदीच्या वरच्या अंगाला लांब निघून गेली, केंद्राचं पत्र जिथे पोचत नाही तिथे. तिथेही एक काठावर, एक माळावर. भांडणं मात्र रोज, अगदी मनापासून. "पोराला पाण्यात जास्त नेऊ नका!" "तू किडे जास्त देऊ नकोस!" पण त्या भांडणाच्या मधेच आकाशात सावली हलली की दोघंही अर्ध्या शब्दावर थांबत. ती ओरडे, तो लंगडे. सावली गेली की राहिलेला अर्धा शब्द पुरा करत.

पावसाळा सरला तेव्हा ठिपक्या उडाला. पहिल्यांदा उडून तो मधेच एका ढेकळावर उतरला. सगुणा माळावरून धावत आली, दगडू काठावरून. दोघं त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. दगडू म्हणाला, "ठिपक्याची आई, पंख जरा वाकडा मारतो हा. तुझ्यावर गेलाय."

सगुणा म्हणाली, "उडाला ना? मग गप्प बसा की."

ठिपक्या पुन्हा उडाला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत दोघंही तिथेच मान वर करून उभी होती.

कूर्मरावांचा निकाल अजून लिहून व्हायचाय. केंद्राच्या वार्षिक अहवालात मात्र या प्रकरणाला मानाचं पान मिळालं. त्यात म्हटलंय, 'पिल्लू व दोन्ही पालक बेपत्ता आहेत. तथापि, पिल्लाचे सर्वोत्तम हित केंद्राकडे सुरक्षित आहे.' आणि ते खरंच आहे. फाइल अजून त्याच फांदीवर आहे. तिला वाळवी लागू नये म्हणून एक माणूस नेमलाय. माणूस म्हणजे मुंगूसच.

तात्पर्य : लेकराचं हित ही फार नाजूक वस्तू आहे. ती आई-बापांच्या हाती पडू देऊ नये. ती फाइलीत घालावी, फाइल घट्ट बांधावी, आणि जमलंच तर लेकरूही तिच्यात बसतं का, ते दाबून बघावं.